खिडकीचे पाहुणे, हीटरचे पाहुणे

"तुम्ही लंडनमध्ये नेमकं काय करत होता हो?" असं मंडळाच्या कार्यक्रमात कुणी विचारलं, की माझ्याआधी आमचे हेच उत्तर देतात, "सरकारी पाहुण्यांना जेवायला घालत होती." डॉक्टर माणूस. रीडिंगच्या हॉस्पिटलात आयुष्यभर लोकांची पित्ताशयं काढली, त्यामुळे जगातली बाकी सगळी कामं त्यांना जेवणाच्या आधीची किंवा नंतरची वाटतात. यंदा संपादिकाबाईंनी दिवाळी अंकासाठी लिही म्हणून लकडा लावला, तेव्हा मी ठरवलं की एकदाचं नीट सांगून टाकावं. गुप्ततेच्या कसल्याशा कागदावर मी सही केली होती, म्हणून देशांची आणि कंपन्यांची नावं गाळते. माणसांची नावं बदलली आहेत. बाकी सगळं जसं घडलं तसं.

तर, ब्रिटिश सरकार परदेशातल्या माणसांना आमंत्रण देऊन बोलावतं. पण विमानतळावर त्यांना आणायला कोण जाणार? त्यांना डुकराचं चालतं की नाही, नमाजाला जागा लागते का, बायकोसाठी कोट कुठे मिळेल, हे कोण बघणार? सरकारी अधिकाऱ्याला छत्री धरायची सवय नसते. म्हणून हे काम आमच्यासारख्या छोट्या फर्म्सना देत. आमची फर्म पॅडिंग्टनजवळ एका चांभाराच्या दुकानाच्या वर होती. मालकीण मिसेस हॅलम. मोत्यांची माळ, पुरुषी बूट आणि खर्जातला आवाज. त्या मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "वसुधा डिअर, आपण किटली आहोत. चहा कुठला, ते किटलीने विचारायचं नसतं."

ऐंशीच्या दशकात चहा एकच होता. सरकारचं एक खातं परदेशी सेनाधिकाऱ्यांना बोलावून इथल्या कंपन्यांची शस्त्रं दाखवायचं. ते टेबल ऑफिसात हीटरला लागून होतं, म्हणून ते आमचे 'हीटरचे पाहुणे'. त्यांना पंचतारांकित हॉटेल, काळी गाडी, संध्याकाळी नाटकाची तिकिटं. मला त्यांची भीती वाटायची असं समजू नका. एका ब्रिगेडियरने रणगाडा दहा मिनिटांत पाहून संपवला आणि बाबागाडी निवडायला अख्खा शनिवार घेतला. शेवटी दुकानदाराला म्हणाला, "वळताना आवाज करते."

मग बर्लिनची भिंत पडली आणि एकदम लोकशाहीची फॅशन आली. सरकारच्याच दुसऱ्या एका खात्याने जगभरातले वकील, संपादक, शिक्षक बोलावून त्यांना निवडणुका, पार्लमेंट, कौन्सिल दाखवायचं ठरवलं. तेही काम आम्हालाच मिळालं. त्यांचं टेबल खिडकीशी होतं. खिडकी नीट लागत नसे, त्यामुळे लोकशाहीचं काम आम्ही कोट घालून करायचो. खिडकीच्या पाहुण्यांना साधं बेड-अँड-ब्रेकफास्ट आणि दुपारी काकडीची सँडविचेस. तिसऱ्या दिवशी त्यांचे चेहरे इतके उतरायचे, की मी गुपचूप वेम्बलीला गुजराती वस्तीतल्या ईलिंग रोडवर नेऊन गरम कचोऱ्या आणि मिरच्या खायला घालायची. अभिप्राय विचारला की निम्मे लोक पार्लमेंटऐवजी ईलिंग रोडचीच तारीफ करायचे.

एकदा आमच्या गाइडने पार्लमेंटमध्ये अभिमानाने सांगितलं, की इथे विरोधी पक्षनेत्याला पगार सरकारच देतं. पाहुण्यांमधले एक म्हातारे संपादक म्हणाले, "यात विशेष काय? आमच्याकडेही विरोधकांच्या राहण्या-जेवणाचा खर्च सरकारच करतं. फक्त दार बाहेरून बंद असतं."

घरी हे सगळं सांगितलं की आमची इथे जन्मलेली कन्या ताटावरून वर न बघता म्हणायची, "आई, वेट. गन्स विकतो तो पण सेम गव्हर्नमेंट, आणि व्होटिंग शिकवतो तो पण सेम गव्हर्नमेंट? दॅट्स मेंटल." हे म्हणायचे, "अगं, वेगवेगळी डिपार्टमेंट्स असतात. किडनीवाल्याला हार्टचं काय माहीत?" मी भात कालवायची. किटलीने काय बोलायचं?

दोन्ही टेबलं एकाच खोलीत असल्यामुळे आमचा एक कडक नियम होता. दोन्हीकडचे पाहुणे एकमेकांच्या नजरेला पडता कामा नयेत. कारण कधीकधी ते एकाच देशाचे असत. एक जण आपलं सरकार कसं बदलावं ते शिकायला आलेला, दुसरा ते सरकार बदलू नये म्हणून खरेदीला आलेला. म्हणून ड्रायव्हरलासुद्धा पाहुणे कोण ते सांगायचं नाही. किती माणसं, कुठलं दार, कुठे सोडायचं, बस. मिसेस हॅलमना या गुप्ततेचा फार अभिमान होता. त्या गुप्ततेनेच घात केला.

त्या मे महिन्यात खिडकीच्या टेबलावर पाच-सहा देशांमधली मंडळी होती, पार्लमेंटमध्ये बोललेले ते म्हातारे संपादकही त्यांच्यातलेच. त्यांच्यात एक उंच, हडकुळे हेडमास्तर होते. एक खांदा उतरता, वागणं अतिशय सौम्य. त्यांच्या देशात लष्कराचं राज्य होतं आणि निवडणूक घेऊ म्हणून नुसती आश्वासनं चालली होती. घरी त्यांनी 'शिक्षण परिषदेला जातो' असं सांगितलं होतं. खरं कळलं असतं तर नोकरी गेली असतीच, पण मागच्या वर्षी त्यांचे दोन सहकारी शाळेतून नेले ते परत आले नव्हते. हे त्यांनी मला ईलिंग रोडवर कचोरी खाताना सांगितलं आणि वर विचारलं, "यात बडीशेप घालतात का?"

त्याच आठवड्यात हीटरच्या टेबलावर कोण यावं? त्यांच्याच देशाचे जनरल. देशाचे गृहमंत्रीही तेच. गोल, हसरे, मार्मलेडचे भयंकर शौकीन.

दोन्ही पार्ट्यांना लीड्सला न्यायचं होतं. खिडकीच्या मंडळींना जवळच्या एका छोट्या गावात कौन्सिल निवडणुकीची मतमोजणी बघायची होती. इकडे ती बऱ्याच ठिकाणी मतदानाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी करतात. हीटरच्या पाहुण्याला शहराबाहेरच्या माळावर एक नवी गाडी बघायची होती. जाड पत्र्याची, जाळीच्या काचांची, वर पाण्याचा बंब. जमाव पांगवायला. आता जमाव पांगवायची गाडी दाखवायची तर जमाव हवा. तो कंपनीने भाड्याने ठरवला होता, तिथल्या कॉलेजच्या नाट्यशाखेची मुलं. त्यांना हॉटेलवरून माळावर पोचवायचं काम आमच्याच टेरी ड्रायव्हरकडे होतं.

मिसेस हॅलमनी काटकसरीसाठी ही मुलं आणि खिडकीची मंडळी, दोघांचे कोच एकाच हॉटेलावर बोलावले, फक्त दारं वेगळी ठेवली. लोकशाहीने पुढच्या दाराने निघायचं, जमावाने मागच्या. बेत चोख होता. त्या दिवशी सकाळी हॉटेलवाल्यांनी पुढचं दार रंगवायला काढलं.

मी जनरलसाहेबांना घेऊन काळ्या गाडीतून आधीच माळावर गेले होते. माझी सहकारी फियोना मेयरसाहेबांच्या चहाची व्यवस्था बघायला गावात पुढे गेली होती. हॉटेलच्या पोर्टरने खिडकीच्या मंडळींना मागच्या दाराकडे वळवलं, तिथे टेरी कोच घेऊन उभा होता. त्याने माणसं मोजली, आकडा साधारण जुळला, आणि त्याने लोकशाही उचलून माळावर आणून सोडली.

मी जनरलसाहेबांच्या शेजारी व्यासपीठावर बसले होते. समोरून कोच आला, त्यातून आधी संपादक उतरले, मग एक वकीलबाई, मग हेडमास्तर. ओरडावं तर शेजारी जनरल. कंपनीचा विक्रीप्रमुख कॉलिन खाली धावत गेला आणि त्यांना हातात धरायचे फलक वाटू लागला. फलकांवरचा मजकूर कंपनीने कुणाही गिऱ्हाइकाला लागू नये असा बेताने लिहिला होता. 'आम्ही नाराज आहोत.' 'बसचं भाडं कमी करा.'

तुम्ही म्हणाल, ही शिकली-सवरली माणसं, यांना संशय कसा आला नाही? अहो, दहा दिवसांत त्यांनी विग घातलेले न्यायाधीश पाहिले होते आणि पार्लमेंटचं दार काठीने ठोठावणारा काळ्या मोज्यांतला गृहस्थ पाहिला होता. त्यानंतर मोर्चा काढण्याचं सरकारी प्रशिक्षण त्यांना अगदी साधं वाटलं. वकीलबाईंनी तर कॉलिनला विचारलं, "यासाठी पोलिसांची परवानगी किती दिवस आधी काढायची?" कॉलिन म्हणाला, "माय लव्ह, तुम्ही फक्त ओरडा. घरी ओरडता तसं."

घरी ओरडता तसं म्हटल्यावर हेडमास्तरांनी सगळ्यांना रांगेत उभं केलं, आपल्या भाषेतली एक घोषणा शिकवली आणि दोनदा म्हणून घेतली. हाडाचा शिक्षक. मग ती सगळी मंडळी, चार खंडांमधली, बेसूर पण मनापासून गरजली. जनरलसाहेबांच्या हातातला कप थांबला.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

"म्हणतायत, जनरल, बराकीत परत जा," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उजळला. "मॅडम, धिस इज ब्रिटिश वर्कमनशिप. माझ्या भाषेत घोषणा! फ्रेंचांनी तर नुसत्या बाहुल्या उभ्या केल्या होत्या."

"आमचे नाट्यविद्यार्थी फार मेहनती आहेत, सर," मी म्हणाले. खोटं बोलायचा मला सराव नव्हता, पण निभावलं.

गाडी पुढे आली, बंबाने फवारा सोडला. पाणी कोमट होतं, विम्याच्या अटीत तसं होतं म्हणे. संपादक आजोबा बसले चिखलात. वकीलबाई फलक सोडेनात. हेडमास्तर चिंब होऊन सगळ्यांच्या पुढे उभे होते. चष्मा पुसून त्यांनी वर पाहिलं आणि त्यांना व्यासपीठ नीट दिसलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आयुष्यात विसरणार नाही. मागची मंडळी मात्र रंगात येऊन घोषणा देतच होती.

जनरलसाहेबांना आता नटांचं कौतुक करायची हुक्की आली. मी ऊन-पाऊस-चिखल-लंच अशी सगळी कारणं काढली, तरी ते उतरलेच. पुढे धावत मी हेडमास्तरांना आडवी आले आणि मोठ्याने म्हणाले, "हे लीड्सच्या कॉलेजातले, सर. मॅच्युअर स्टुडंट."

जनरलनी हात पुढे केला. "छान काम करता. उच्चार मात्र जरा सुधारा."

हेडमास्तरांनी तो हात हातात घेतला. दहा दिवस बेड-अँड-ब्रेकफास्टच्या मालकिणीचं बोलणं ऐकून त्यांनी इथल्या बोलीतलं 'थँक्यू, राजा' एवढं एकच जमवलं होतं. "टा, लव्ह," ते म्हणाले.

जनरल इतके हसले की त्यांची टोपी पडली.

इकडे नाट्यशाखेची मुलं उरलेल्या कोचमध्ये बसून मतमोजणीला पोचली होती. मेयरसाहेब गळ्यात पदाची साखळी घालून दारात उभे. "नव्या लोकशाहीच्या पाहुण्यांनो" म्हणून त्यांनी भाषण केलं. मुलं नट, ती मागे कशाला हटतील? कोण डुलत नमस्कार करतंय, कोण छातीवर हात ठेवतंय. मेयरनी शेजारच्याच बार्न्सलीच्या एका पोराला विचारलं, "तुमच्या देशात निवडणुका कशा होतात?" तो गंभीरपणे म्हणाला, "आमच्याकडे नेहमी एकच पार्टी जिंकते, सर." मेयरना गहिवरून आलं. त्यांच्याही गावात दुसऱ्या महायुद्धापासून तेच चाललं होतं, पण ते त्यांच्या लक्षात आलं नाही. फियोनाने फोनवर मला हे सांगितलं तेव्हा ती रडत होती की हसत होती, कळेना.

मला वाटलं, आपण सुटलो. जनरलना घेऊन मी लंडनकडे निघाले. गाडीत त्यांनी गाड्यांची ऑर्डर पक्की केल्याचं सांगितलं, बूट काढून पाय मोकळे केले आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तो उंच माणूस. त्यानेच मला भागाकार शिकवला."

मी मांडीवरच्या कार्यक्रमाच्या कागदाची घडी घालून तो पर्समध्ये ठेवला.

"अजून तसाच एक खांदा पाडून उभा राहतो," ते म्हणाले. "चांगला शिक्षक होता. फार मारायचा नाही."

"सर, ती आमची चूक आहे. त्यांना काही ठाऊक नव्हतं."

"मॅडम, घाबरू नका. मी इथे पाहुणा आहे. यजमानाच्या घरी भांडण काढायची आमच्याकडे पद्धत नाही." मग खिशातून हॉटेलातली मार्मलेडची इवलीशी बरणी काढून त्यांनी ती उजेडात धरली. "तो घरी आला, की बघू."

त्यांना हॉटेलवर सोडून मी थेट मिसेस हॅलमकडे गेले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, मोत्यांची माळ दोनदा फिरवली आणि म्हणाल्या, "किटली गेली खड्ड्यात. माझा भाचा सॉलिसिटर आहे." मला बाईंच्या पाया पडावंसं वाटलं. पण त्यांचे बूट बघून धीर झाला नाही.

परत जाऊ नका हे हेडमास्तरांना पटवणं त्याहून कठीण गेलं. "तो मला ओळखणं शक्य नाही," ते म्हणाले. "शाळेत त्याला काहीच ओळखता यायचं नाही, मॅडम. अपूर्णांकसुद्धा नाही." खांद्याचं सांगितलं तेव्हा मात्र ते खाली बसले. बायको चार वर्षांपूर्वी गेलेली, मूलबाळ नाही. "माझ्या वर्गाची परीक्षा जूनमध्ये आहे," एवढंच पुटपुटले.

त्यांनी इथे आसरा मागितला. मुलाखतीला मी सोबत गेले. समोरचा अधिकारी पोरगेलासा, सभ्य, सर्दी झालेला. म्हणाला, "आमच्या माहितीप्रमाणे तुमचा देश लोकशाहीच्या वाटेवर आहे."

"कशावरून?" हेडमास्तरांनी विचारलं.

"आम्हीच नाही का तुम्हाला त्यासाठी बोलावलं?" मग नाक शिंकरून तो म्हणाला, "शिवाय तुम्ही सरकारविरुद्ध निदर्शनं केल्याचा आणि सरकारने ती पाहिल्याचा काही पुरावा आहे का?"

मला खुर्चीत बसवेना. पुरावा! कंपनीने त्या दिवसाची फिल्म काढली होती की. जाहिरातीसाठी, तीन कॅमेरे लावून. पुढच्याच आठवड्यात एका प्रदर्शनात कॉलिनच्या स्टॉलवर ती दिवसभर चालू होती. समोर हेडमास्तर घोषणा देतायत, वर जनरल कप धरून बघतायत, मधोमध गाडी. मी कॉलिनला म्हटलं, "जनरलसाहेबांच्या घरच्यांना एक कॅसेट हवी होती." त्याने आनंदाने दोन दिल्या आणि पेनही दिलं.

भाच्याने ती कॅसेट लावली. सर्दीवाल्या अधिकाऱ्याने ती तीनदा बघितली. देशाच्या गृहमंत्र्यासमोर उभं राहून त्यालाच बराकीत जा म्हणणारा अर्जदार त्याच्याकडे याआधी आला नव्हता. हेडमास्तरांना राहू दिलं. निर्यातीच्या जाहिरातीवर ब्रिटनमध्ये आसरा मिळालेला माणूस दुसरा असेल तर मला कळवा. त्या दिवशी मी ऑफिसात पेढे वाटले, दोन्ही टेबलांवर. बाईंनी दोन खाल्ले.

गाड्या मात्र वेळेवर रवाना झाल्या. हीटरच्या टेबलाचं काम नेहमी वेळेवर व्हायचं. मी नोकरी सोडली नाही. मुलीची युनिव्हर्सिटी पुढे यायची होती, घराचे हप्ते होते, आणि खरं सांगायचं तर मला त्या कामाची चटक लागली होती. याची लाज वाटते, आणि ती वाटते एवढंच म्हणू शकते.

हेडमास्तर रीडिंगला आमच्याच जवळ खोली घेऊन राहिले. एका शाळेत बदली शिक्षक म्हणून गणित शिकवत. पोरं त्यांना 'सर लव्ह' म्हणायची. रविवारी आमच्याकडे जेवायला येत, आमटी तिसऱ्यांदा मागून घेत आणि आमच्या कन्येची वर्गसमीकरणं सोडवून देत.

अशाच एका रविवारी टीव्हीवर दुपारच्या बातम्या लागल्या होत्या. त्यांच्या देशातली निवडणूक पुन्हा पुढे ढकलली होती आणि शाळा-कॉलेजांची मुलं रस्त्यावर आली होती. जाड पत्र्याची, जाळीच्या काचांची गाडी मी लगेच ओळखली. तिच्यामागे बंदुका घेतलेले शिपाई होते. निवेदक सांगत होता, की ब्रिटिश सरकारने चिंता व्यक्त केली आहे. यांनी रिमोट उचलला, मी डोळ्यांनीच नको म्हटलं.

हेडमास्तर ताटावरून उठून पडद्याच्या अगदी जवळ जाऊन उभे राहिले. तो त्यांच्याच शाळेसमोरचा रस्ता होता. धूर होता, माणसं पळत होती, चेहरे क्षणभर दिसून जात होते. हात तसाच आमटीने भरलेला, आणि हळू आवाजात ते एकेक नाव घेत होते. वर्गात हजेरी घ्यावी तसं. एक नाव, मग थोडं थांबून दुसरं. कुणाच्या नावाला जोडून म्हणत, "ही हुशार आहे." कुणाच्या, "हा उशिरा येतो."

बातमी संपली. हवामान आलं, उद्या दुपारनंतर ऊन पडेल म्हणाले. हेडमास्तर पडद्याकडे बघत नावं घेतच होते. मी डाव धरून उभी होते, आणि आमच्या घरात कुणीच 'हजर' म्हणणारं नव्हतं.